करिता

सांगलीच्या अभिलेख कक्षाला खिडकी एकच,
तीही आयर्विन पुलाकडे पाठ फिरवून.
मी इथे बसते. निंबळगाव संस्थानचे रुमाल सोडते,
झटकते, पुन्हा बांधते.
लाल रुमालात राजेसाहेब, हिरव्यात प्रधान,
आणि बिनरंगी मांजरपाटात
तवनाप्पा पायगोंडा मगदूम, दुय्यम प्रधान.

राजेसाहेबांनी घटना दिली त्या वर्षी
दरबारासाठी तीन खुर्च्या करवल्या. बिल आहे माझ्याकडे.
एक सिंहाच्या हातांची, एक साध्या हातांची,
तिसरी बिनहाताची,
तिचे सुताराने चार आणे कमी लावलेत.

घटनेत त्यांच्या वाट्याला एकच कलम, सतरावं.
"प्रधान गैरहजर असतील तेव्हा",
वाक्य सुरूच तिथून होतं.
म्हणजे कुणी उठून गेल्याशिवाय
हा माणूस कायद्यात उगवत नाही.
राजा चुकत नाही, असं सहाव्या कलमात आहे.
प्रधान चुकले तर सभा त्यांना घालवू शकते.
दुय्यम प्रधान चुकले तर काय,
ते लिहायचं राहून गेलंय.

एरवी ते काय करत?
सभेत कोंडवाड्याच्या दंडावरच्या प्रश्नांना उत्तरं देत.
हळदीच्या पेवात कुणी गुदमरला की पंचनाम्याला जात.
राजेसाहेबांचं भाषण सभेपुढे येण्याआधी
त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत.
राजेसाहेबांचं आणि प्रधानांचं बोलणं बंद असे तेव्हा
दोघांचे निरोप, धार बोथट करून,
इकडून तिकडे नेत.
आणि सही. बारीक, उजवीकडे झुकलेली:
प्रधान करिता, त. पा. मगदूम.
एका वर्षाचे कागद मोजले मी, मग सोडून दिलं मोजणं.
करिता, करिता, करिता.
त्यांच्या दौतीला दुसरा शब्द ठाऊक नसावा.

फक्त एक कागद.
श्रावण वद्य तृतीया, वेळही घातलेली, रात्री अडीच.
कृष्णा खालच्या आळीत शिरलेली.
राजेसाहेब पुण्याला, शर्यतींना.
प्रधान मुंबईत, कुठल्याशा साहेबाच्या भेटीसाठी ताटकळत.
तारेचे खांब वाहून गेलेले.
हुकूम चार ओळींचा:
कोठार उघडा. दरबारात माणसं घ्या.
जनावरंही घ्या.
गालिचे गुंडाळू नका, पोरं निजतील.
खाली सही. सहीच्या आधी एक क.
क वर आडवी रेघ.
मग नुसतं नाव, कुणाकरिताही नसलेलं.
"तवनाप्पा" अख्खं लिहिलंय, इथेच फक्त.

पाणी ओसरलं, प्रधान परतले. समासात त्यांचा शेरा:
कोणाच्या अधिकारात?
त्याखाली, निराळ्या शाईत, राजेसाहेब: पाहिलं.
मंजूर नाही, नामंजूर नाही. पाहिलं.
घटनेनंतर राजाला तेवढंच उरलं होतं बहुधा.
की तेवढ्यात त्यांनी सगळं म्हटलं होतं?
कागदावरून कळत नाही.
दुसऱ्या दिवसापासून पुन्हा करिता.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं.
सही राजेसाहेबांची, फोटोत शेजारी प्रधान.
किल्ल्या मोजून द्यायला मगदूम.
त्यांच्याच अक्षरात यादी, शेवटी शेवटी:
खुर्च्या, हाताच्या, नग दोन.
बिनहाताची, नग एक, पाय डुगडुगतो.

परवा आदेश आला, जुने कागद वर्गवार लावा.
अ म्हणजे कायम. क म्हणजे काही वर्षं, मग रद्दी.
त्या कागदावर कधीकाळी कुणी क चा शिक्का मारलाय,
कसा निसटला कोण जाणे.
साहेब रजेवर. मी प्रभारी, अकरा वर्षं झाली,
पाटीवर माझं नाव पुसट झालंय,
"प्रभारी" मात्र ठसठशीत.
मी क वर रेघ ओढली. वर अ लिहिला.
सही केली. सहीआधीचा शब्द लिहायचा राहिला,
की राहू दिला.
साहेब सोमवारी येतील. विचारतील.